हळदकुंकू की टॉवेल-टोपी

“हत्यार बोलत नसतंय, म्हैप्या. तवा तासभर तोंडसुद्धा उघडायचं न्हाई,” आप्पा मगदूम म्हणाले आणि बशीतला चहा त्यांनी एका फुर्रक्यात संपवला.

“आणि हातगाडा कुणाचा?” मी विचारलं.

“माझा,” हिंदूराव चहावाला गल्ल्यावरून ओरडला. “वर चादर बी घालतो. झेंडूची माळ गल्लीकडनं.”

“ठरलं तर,” मी म्हणालो. “मी हरलो तर चौकात हातगाड्यावर बसणार. कानस-हातोड्यांच्या मधी, हत्यार म्हणून. सगळ्यांनी हळदकुंकू लावायचं.”

“आणि मी हरलो तर?” आप्पांनी विचारलं.

या प्रश्नाची मी तीस वर्षं वाट बघत होतो. “तुम्ही हरला तर तुमची सायकल आयटीआयच्या झेंड्याच्या खांबाला टेकवायची, तिच्यावर बसायचं, सलाम ठोकायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘म्हैपती लोहार पास!’”

हिंदूरावच्या टपरीवर जी काय आठ-दहा माणसं होती ती हसून हसून खोकायला लागली. कारण सायकलीचं प्रकरण आख्ख्या गावाला पाठ होतं. मी सतरा वर्षांचा असताना आयटीआयला फिटर ट्रेडला होतो. मगदूम सर तेव्हा नवे मास्तर. त्यांनी मला सलग आठ दिवस एकच लोखंडाचा तुकडा घासायला लावला म्हणून पंचवीस जानेवारीला मी त्यांची सायकल झेंड्याच्या खांबाला वेल्डिंग करून टाकली. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. झेंडा वर, सायकल खाली, आणि प्रमुख पाहुणे राष्ट्रगीत संपेपर्यंत सायकलीकडं बघत. त्याच दिवशी माझं शिक्षण संपलं. पुढं मी ग्रिल-गेटचं दुकान काढलं, मगदूम सरांनी आमच्याच गल्लीत भिंतीला भिंत लावून घर बांधलं, आणि सरांचे ते ‘आप्पा’ झाले. पण गेट बघायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भिंतीवरून सांगायचे, “नापास हाय बरं का त्यो.”

आता पैज कशावरून लागली ते सांगतो. आठ वर्षं झाली याला. भाद्रपदात एका कंपनीनं आमच्या आयटीआयला रोबोट भेट दिला. टेम्पोतून उतरवला तेव्हा मी पण बघायला गेलो होतो. पांढरा, माझ्या छातीइतका उंच, खाली चाकं, तोंडाच्या जागी काच, एक हात, आणि छातीवर नाव: प्रज्ञा. हा रोबोट फिटरच्या पोरांना शिकवणार म्हणे. प्राचार्य बोंद्रे साहेबांनी आप्पांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं की दसऱ्यापर्यंत ट्रायल आहे. कोल्हापूरहून मोठे साहेब बघायला येणार. यंत्र चाललं तर आप्पांची जागा इथं लागायची नाही, त्यांना जतच्या पुढं कुठंतरी पाठवतील. हिंदूराव तेव्हा आत चहा द्यायला गेला होता, त्यामुळं संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गावाला कळलं. रिटायरला दीड वर्ष राहिलेला माणूस, आणि जत!

आप्पा टपरीवर म्हणाले, “डबडं हाय ते. खंडेनवमीला पोरंच त्याला हत्यारांत मांडतील, बघ.”

मी म्हणालो, “न्हाई आप्पा. पोरं त्याला मास्तरांच्या रांगेत बसवतील.”

आमच्याकडं खंडेनवमीला वर्कशॉपमधली सगळी हत्यारं धुऊन-पुसून टेबलावर मांडतात, हळदकुंकू लावतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आणि मास्तरांना टॉवेल, टोपी, नारळ देतात. कुठं कोण बसणार ते फिटरची पोरं ठरवतात, प्राचार्यसुद्धा मधे बोलत नाहीत. तर पैज अशी: यंत्राला हळदकुंकू लागलं तर आप्पा जिंकले. टॉवेल-टोपी मिळाली तर मी.

मला आप्पांचं वाईट व्हावं असं काही नव्हतं बरं का. बदलीचं मी मनावर घेतलं नाही. साहेब लोक भीती घालतात आणि विसरतात, असा माझा हिशेब. मला फक्त आप्पांना सायकलीवर बघायचं होतं.

*

पहिल्या तीन दिवसांतच कळलं की मी हरणार.

यंत्राला आत ठेवायला लोखंडी पिंजरा पाहिजे होता, कारण वर्कशॉपमधल्या उंदरांनी एकदा लेथची वायर खाल्ली होती. ते काम मला मिळालं. मी माप घ्यायला गेलो तर वर्ग चालू. वीस पोरं, त्यांत चार पोरी, आणि पुढं प्रज्ञाबाई गोड आवाजात:

“नमस्कार, प्रशिक्षणार्थी मित्रांनो. कार्यवस्तू बाकशेगड्यामध्ये दृढतेने आवळावी.”

मागच्या बाकावरून आवाज आला, “काय आवळायचं म्हणाली?”

“व्हाईस रं. व्हाईस म्हणायचंय तिला.”

“मग व्हाईस म्हण की!”

पाच मिनिटांत सात पोरं झोपली. कोपऱ्यात आप्पा हाताची घडी घालून उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी कपाळाला बोट लावलं, कुंकू लावल्यासारखं. मी लवकरच घरी आलो आणि बायकोला, हौसाला सांगितलं, “मला हातगाड्यावर बसायला लागणार गं.”

“बसा की,” ती भाकरी थापत म्हणाली. “दारात बसण्यापरीस बरं.”

पण मी काय गप्प बसणारा माणूस नाही. चौकशी केली. कंपनीचा माणूस दोन दिवस येऊन बोंद्रे साहेबांना सगळं शिकवून गेला होता, आणि साहेबांच्या एक अक्षर लक्षात राहिलं नव्हतं. यंत्राबरोबर एक काचेची पाटी होती, मोठ्या मोबाइलसारखी. ती साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली.

“साहेब, ह्या पाटीला पिंजऱ्यातच कप्पा करतो,” मी म्हणालो. “कुलपासकट. चोरीची भीती न्हाई.”

“हुशार आहेस, लोहार,” साहेब म्हणाले.

कुलूप लावलं, किल्ली साहेबांना दिली. नव्या कुलपाला दोन किल्ल्या असतात हे त्यांना ठाऊक नसावं.

पाटी उघडली तर आत सगळं मराठीत. ‘चुकीची पकड’, ‘चुकीची उभे राहण्याची पद्धत’, ‘पृष्ठभाग सपाट नाही’, अशी यादी. यंत्राच्या डोळ्याला ती ती चूक दिसली की त्याखाली लिहिलेलं वाक्य ते बोलायचं. कुणी प्रश्न विचारला तर काय उत्तर द्यायचं त्याची दुसरी यादी. आणि तळाला: ‘नवीन वाक्य भरा.’ त्याखाली अजून एक रकाना, ‘शिक्षकाचे नाव’. तो मी मोकळा सोडला. चोर काय दारावर नाव लिहून जात नसतो.

आता वाक्यं कुठनं आणायची? डोकं खाजवायची गरजच नव्हती. माझ्या कानात तीस वर्षं एकच मास्तर ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी मी बिजागरी बसवायच्या निमित्तानं पिंजऱ्यामागं जाऊन बसलो. वर्ग सुरू झाला. पहिलं पोरगं कानस घेऊन घसाघसा घासायला लागलं. प्रज्ञाबाईनं मान वळवली आणि लताबाईंच्या भजनाला बसल्यासारख्या गोड आवाजात म्हणाली:

“प्रिय प्रशिक्षणार्थी. कानस पुढं जाताना कापते. मागं येताना नुसती उचल. दात घासतोयस व्हय, आं?”

मग मागच्या बाकावरचा म्हणाला, “आयला!”

दुसऱ्यानं मुद्दाम वाकडं उभं राहून बघितलं.

“प्रिय प्रशिक्षणार्थी. उभा राहायची ढब बघ. एसटीच्या दाराला लोंबकळतोयस का?”

तिसऱ्यानं हातोडी अर्ध्यात धरली.

“प्रिय प्रशिक्षणार्थी. हातोडी शेवटाला धर. गळ्याला धरतोयस, जीव घ्यायचाय का तिचा?”

मग काय, दंगा! प्रत्येकाला शिवी खायची होती. चूक करून दाखवायची आणि शिवी खाऊन परत बरोबर करायचं, कारण बरोबर केल्याशिवाय ती पुढची शिवी देत नव्हती. वर्गाची मॉनिटर राजश्री वड्ड म्हणून पोरगी होती, गवंड्याची, एकदम खडखडीत. तिनं आपला लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, घासून गुण्या लावून धरला. गुण्या म्हणजे काटकोन बघायची लोखंडी पट्टी. ती जॉबला लावायची आणि उजेडाकडं धरायची. फटीतनं उजेड आला की जॉब वाकडा.

“प्रिय प्रशिक्षणार्थी,” प्रज्ञाबाई म्हणाली, “ह्या फटीतनं बैलगाडी जाईल. बैलासकट.”

राजश्री टाळ्या वाजवत नाचली. आणि परत घासायला लागली.

आठवड्यात हजेरी वीसला वीस. वेल्डरची पोरं खिडकीत. गावातली रिकामी माणसंसुद्धा बघायला यायला लागली. बोंद्रे साहेब सगळ्यांना सांगत फिरायचे, “स्वतः शिकतं ते! वातावरणातनं ज्ञान उचलतं!” दोन दिवसांचा पिंजरा मी पंधरा दिवस पुरवला. आज कोयंडा, उद्या रंग, परवा रंगाचा दुसरा हात.

मधेच एक अडचण आली. माझा साठा संपला. मी आप्पांच्या हाताखाली होतो साडेपाच महिनेच, त्यांतले निम्मे दिवस नदीवर. मग मी संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो.

“आप्पा, कानस घासताना घाम पुसायला थांबलं तर काय बिघडतं?”

“तीस वर्षांनी शहाणपण सुचलं व्हय तुला?” आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले. पण डोळ्यांत चमक आली. आत गेले, लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आणि जुनी कानस घेऊन आले. ओट्याच्या कडेला छोटा व्हाईस होता, त्यात तुकडा आवळला. “घास. तोंडानं शिकायची विद्या न्हाई ही.”

मला वाक्यं पाहिजे होती. म्हणून घासायला लागलो. मी वाकडं घासलं की ते बोलायचे, ते बोलले की मी लक्षात ठेवायचो, सकाळी पाटीत भरायचो. धंदा मस्त चालला. अकरा संध्याकाळी मी तो एकच तुकडा घासला. मालूवैनी, म्हणजे आप्पांची मंडळी, चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, “म्हैपतीभावजी, तुम्ही दोघं भांडत न्हाई तर बरं वाटंना झालंय.”

एक खरं सांगतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला त्या कानशीचा आवाज कळायला लागला. बरोबर चालली की तिचा आवाज एकसारखा येतो, तूप कढवल्यासारखा. चुकली की किरकिरते. आप्पा डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावर म्हणायचे, “डावा खांदा.” आणि खरंच माझा डावा खांदा वर आलेला असायचा.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मालूवैनींनी भिंतीवरून हाक मारली.

“भावजी, ह्यांनी शाळेतलं कपाट रिकामं करून आणलंय बघा. पिशवी दारातच ठेवलीया. जेवायला बी न्हाई बसले.”

मी गेलो. आप्पा ओट्यावर. शेजारी पिशवी, तिच्यातनं गुण्याचं टोक आणि निळा अॅप्रन बाहेर आलेला.

“काय वो आप्पा? सायकलीवर बसायची तयारी?”

हसतील म्हणून बोललो. हसले नाहीत.

“पैज तू जिंकलास रं. ते यंत्र आज काय म्हणालं ठाऊक हाय? पोरगं घाम पुसायला थांबलं तर म्हणालं, ‘घाम कपाळावरच वाळू दे, जॉबवर पडला की गंजतो.’ मी बोलतो ते. हितं ओट्यावर बसून तुला बी बोललो.”

मी पिशवीतनं बाहेर आलेलं गुण्याचं टोक आत सारलं.

“तीस वर्षं घसा फोडला म्हैप्या. एकेक पोरगं बघत बघत एकेक वाक्य गावलं. आणि ह्यानं पंधरा दिवसांत उचललं, वातावरणातनं. चूक एक न्हाई. गोड आवाजात, न दमता, न खोकता. पोरं हसत शिकायल्यात. मग माझा उपयोग काय?” त्यांनी पिशवी पायानं आत ढकलली. “बोंद्रे साहेब म्हणाले, कागद तयार हाय, उद्या मोठ्या साहेबांची सही. जत तर जत. ज्वारी चांगली असती म्हणं तिकडं.”

आता इथं मी बोलायला पाहिजे होतं. पण आयुष्यात मी एवढ्या खोड्या काढल्या, एक पण कबूल केली नव्हती. सायकलीचीसुद्धा नाही. ती तर माझ्या वेल्डिंगवरून ओळखली, खालून गुठळी राहते माझी. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं तर, “ज्वारी लई चांगली असती.”

घरी आलो. हौसानं तोंडाकडं बघितलं.

“पैज हरलाय का जिंकलाय?”

“जिंकायला लागलोय.”

“मग असं कावळा शिवल्यागत का बसलाय?”

मी तिला सगळं सांगितलं. हौसानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “अवो, तुमच्या खोडीला गावानं हसायचं असतं. घरात बसून माणूस रडाया लागला तर ती खोडी न्हवं.” आणि पाट उचलून आत गेली.

सकाळी सातला मी पिंजऱ्यावर शेवटचा हात मारायला गेलो. पाच मिनिटांचं काम होतं.

*

दहा वाजता वर्कशॉप लग्नघरासारखं. दाराला आंब्याची डहाळी, लेथला माळा, मोठ्या टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर कानशी, हातोड्या, करवती, गुण्ये, अगदी ओळीनं. दुसऱ्या बाजूला मास्तरांच्या खुर्च्या. आप्पा शेवटच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात. मोठे साहेब आलेले, जाडजूड, चष्मा लावलेले, सारखं घड्याळ बघणारे. हिंदूराव चहाची किटली घेऊन, आणि त्याच्यामागं पैज बघायला गल्लीतली निम्मी माणसं. मी पिंजऱ्याला टेकून.

प्रज्ञाबाई मधोमध. टेबल आणि खुर्च्यांच्या बरोबर मधे.

“सर, हिला कुठं ठेवायचं?” राजश्रीनं आप्पांना विचारलं.

“तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात न्हाई,” आप्पा म्हणाले.

दहा पोरं म्हणाली टेबलावर, दहा म्हणाली खुर्चीवर. “शिकवते म्हणजे मास्तरच!” “चार्जिंगला लावतात त्याला मास्तर म्हणत न्हाईत!” “मगदूम सर बी दुपारी झोपतात की!” आप्पांनी वर बघितलं नाही.

बोंद्रे साहेबांना राहवेना. पोरांच्या कामात प्राचार्य बोलत नाहीत ही रीत मोडून ते पुढं आले. “यात ठरवायचं काय? ही घ्या टोपी!” त्यांनी टोपी प्रज्ञाबाईच्या डोक्यावर ठेवली. डोकं गुळगुळीत. टोपी घसरली. परत ठेवली, परत घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी ती दाबून धरली आणि मोठ्या साहेबांकडं बघून हसले.

“प्रिय प्रशिक्षणार्थी,” प्रज्ञाबाई म्हणाली, “चुकीची पकड. म्हशीची धार काढतोयस का?”

सगळं वर्कशॉप हादरलं. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं.

“थांबा,” राजश्री ओरडली. “हिलाच विचारूया की! प्रज्ञाबाई, तू हत्यार हायस का मास्तर?”

काचेत निळा दिवा फिरला.

“जे दुसऱ्याच्या हातानं चालतं ते हत्यार. जो दुसऱ्याचा हात चालता करतो तो मास्तर. आता बडबड पुरे. पूजा आटपा.”

कुणीतरी शिट्टी मारली. बोंद्रे साहेब मोहरून गेले. “बघा साहेब! स्वतः विचार करतं!”

मोठे साहेब खुर्चीतनं उठले. चष्मा पुसला, जवळ गेले, आणि लहान पोराला विचारतात तसं वाकून त्यांनी विचारलं, “बाई, हे तुला कुणी शिकवलं?”

“हे वाक्य मला महिपती लोहार यांनी शिकवले. पत्ता, लोहार गल्ली.”

वीस पोरं, पाच मास्तर, दोन साहेब आणि निम्मी गल्ली एकदम माझ्याकडं वळली. मी पिंजऱ्याच्या मागं सरकलो. पण मी केलेला पिंजरा. जाळीतनं आरपार दिसत होतं.

“आणि बाकीची वाक्यं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“बाकीच्या वाक्यांना शिक्षकाचे नाव नमूद नाही.”

“ती मगदूम सरांची!” राजश्री ओरडली. “दात घासतोयस व्हय, ते सरांचं! बैलगाडी सरांची! आमच्या मामाला बी हेच बोललेत सर, त्यो पंधरा वर्षांमागं हितंच होता!”

“माझ्या बापाला बी!” मागच्या बाकावरचा म्हणाला.

मोठ्या साहेबांनी मला बोटानं बोलावलं. मी गेलो. खिशातनं दुसरी किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. सगळं सांगितलं, ओट्यावरच्या अकरा संध्याकाळींसकट. सायकलीचंसुद्धा सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मोठे साहेब आधी गंभीर होते. ‘राष्ट्रगीत संपेपर्यंत सायकलीकडं’ म्हटल्यावर त्यांचं पोट हलायला लागलं. मग चष्मा काढला, रुमाल काढला, शेवटी खुर्ची धरली.

“म्हणजे बोंद्रे,” ते डोळे पुसत म्हणाले, “पंधरा दिवस हजेरी वाढली ती कुणाच्या शिकवण्यानं?”

बोंद्रे साहेबांच्या हातात अजून टोपी होती. ती त्यांनी खाली-वर फिरवली आणि चालत जाऊन आप्पांच्या डोक्यावर ठेवली. ती मात्र बरोबर बसली.

“ते यंत्र मगदुमांच्या टेबलाशेजारी ठेवा,” मोठे साहेब म्हणाले. “पाटी त्यांच्याकडं द्या. दीड वर्षात काय भरायचं ते भरू दे. आणि तो कागद तुमच्याकडंच राहू दे, मला सही करायची दिसत नाही.”

आप्पांनी टोपी सरळ केली, तीसुद्धा दोनदा.

राजश्रीनं कुंकवाची वाटी उचलली. “दुसऱ्याच्या हातानं चालतं म्हणे. झालं तर मग!” चार पोरांनी प्रज्ञाबाईला उचलून टेबलाशेजारी उभी केली आणि राजश्रीनं बोट भरून कुंकू लावलं, ते नेमकं डोळ्यावर.

“कृपया कॅमेऱ्याची काच स्वच्छ करा,” प्रज्ञाबाई म्हणाली. आणि आरती संपेपर्यंत टाळ्यांच्या तालावर तेच म्हणत राहिली.

आप्पा आरतीतनं मागं वळून माझ्याकडं बघत होते. त्यांनी कपाळाला बोट लावलं.

*

संध्याकाळी पाच वाजता हिंदूरावनं हातगाडा चौकात आणला. चादर घातली. मी मांडी घालून बसलो. उजवीकडं कानस, डावीकडं हातोडी, समोर माझ्याच दुकानातलं वेल्डिंगचं होल्डर. गळ्यात दोन किलोची माळ. हिंदूरावनं घड्याळ हातात घेतलं.

“एक तास. बोललास तर परत पहिल्यापासनं!”

गर्दी म्हणजे काय गर्दी! पोरांनी नाकात कुंकू घातलं. ज्या ज्या माणसाची मी आयुष्यात खोडी काढली होती तो तो रांगेत होता, आणि रांग वळण घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. न्हाव्यानं डोक्यावर हळदीची मूठच ओतली. बोंद्रे साहेबांनी नारळ माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर फोडला, मुद्दाम. हौसानं ताट ओवाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “धार गेलीया, पण वापरात हाय.” एक शेळी मागून येऊन माळ खायला लागली. मला हाड म्हणायची सोय नाही.

सगळ्यांत शेवटी आप्पा आले. टोपी अजून डोक्यावर. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कानाशी वाकले.

“ते हत्यार आणि मास्तराचं वाक्य. मी कधीच बोललो न्हाई ते, म्हैप्या. तीस वर्षांत न्हाई.”

मी समोर बघत राहिलो.

“आणि पंधरा दिवस मोकळा सोडलेला नावाचा रकाना नेमका आज सकाळी कसा काय भरलास, ते बी विचारत न्हाई. हत्यार बोलत नसतंय.”

मग त्यांनी पिशवीत हात घातला. ओट्यावरचा तो लोखंडाचा तुकडा, अकरा संध्याकाळी घासलेला. दुसऱ्या हातात गुण्या. गुण्या लावला, आणि चौकात, सगळ्यांसमोर, मावळतीच्या सूर्याकडं धरला. एक डोळा मिटला. गर्दीनं माना उंचावल्या. शेळीसुद्धा थांबली.

“उजेड येतोय,” आप्पा म्हणाले.

तुकडा फिरवला. दुसरी बाजू लावली. परत डोळा मिटला.

“पण बैलगाडी न्हाई जायाची. सायकल जाईल.”

त्यांनी तुकडा माझ्या मांडीवर ठेवला, त्याला कुंकू लावलं, मग मला लावलं, आणि वर्गात ओरडायचे तसं चौकात ओरडले, “म्हैपती लोहार! पास!”

लोक ओरडले, हलगी वाजली, हौसानं पदर डोळ्याला लावला आणि लगेच शेळीला हाकलायच्या निमित्तानं फिरवला.

मला लई बोलायचं होतं. पण हिंदूराव घड्याळ धरून समोर उभा होता, आणि अजून सतरा मिनिटं बाकी होती.